नाव दुसऱ्याचं, वय स्वतःचं

१४ जानेवारी

काय रे,

पाकीट फोडलंस म्हणजे निम्मं काम झालं. आधीची दोन पत्रं जशीच्या तशी परत आली, म्हणून या खेपेला मागे पाठवणाऱ्याचं नाव घातलं नाही. घाबरू नकोस. यात तुझ्याबद्दल काही नाही, माझ्याबद्दल नाही, काकांबद्दल तर मुळीच नाही. यातली सगळी माणसं कधीच मरून गेली आहेत. एक जण मात्र मेल्यावरही बावीस वर्षं कामावर जात होता आणि त्याच्यापायीच मी हे लिहायला बसले आहे.

निवृत्त झाल्यापासून वेळ खायला उठतो. उभा जन्म इस्पितळात एक्स-रे काढण्यात गेला. अजूनही कुणी समोर उभं राहिलं की माझं लक्ष चेहऱ्याकडे जात नाही, खांद्याच्या हाडाकडे जातं. असल्या बाईने घरी बसून करायचं काय? म्हणून दर मंगळवारी मी सरकारी दप्तरखान्यात जाते. तिथे जुन्या वह्या सांभाळणारी एक चष्मेवाली आहे. ती दोन चष्मे वापरते आणि एक लावलेला असताना दुसरा शोधत असते. मी तिच्याकडे आपल्या घराण्याची मुळं खणायला काढली आहेत.

खापरपणजोबा दोर वळायचे, इतकं तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. बाबांच्या कपाटातला तीन खाचांचा लाकडी ठोकळा त्यांचाच. तीन पदर त्या खाचांतून यायचे आणि ठोकळ्याच्या पुढे एकमेकांना पीळ घालून दोर व्हायचे. तो ठोकळा थोरल्या मुलाच्या हातात द्यायचा, अशी आपल्याकडे रीत. (तू टेबलावर ठेवून गेलास, त्यानंतर आईने तो पुसून जागेवर ठेवला. त्याबद्दल इतकंच.)

आता गंमत ऐक. १८६१च्या शिरगणतीत खापरपणजोबांचं वय चौतीस आहे. बायको आहे, तान्हा मुलगा आहे. १८७१च्या शिरगणतीत तोच माणूस, तीच बायको, तीच खोली, तोच मुलगा, आणि वय एकोणतीस. दहा वर्षांत गडी पाच वर्षांनी तरुण झाला. ही झाली एक गोष्ट. दुसरी अशी की दफनभूमीच्या वहीत तो १८६७ सालीच तापाने मेला आहे. तिसरी अशी की दोरखंडाच्या कारखान्यात त्याची हजेरी १८८९पर्यंत अखंड लागलेली आहे. आणि आपले पणजोबा, म्हणजे ज्यांच्यापासून बाबा, काका आणि ही सगळी फौज आली, ते जन्मले १८६९ला. बापाचं नाव, अर्थात, मेलेल्या माणसाचं.

चष्मेवाली म्हणाली, "तुमचे पूर्वज उलटे चालतात की काय हो?"

मी म्हटलं, "दोर वळणारे उलटेच चालायचे. कमरेला तागाचा गठ्ठा बांधायचा आणि चाकाकडे तोंड करून मागे मागे जायचं."

"मग मरणातूनही मागे आले असतील," ती म्हणाली आणि बिस्किटाचा पुडा पुढे केला.

बाबांचं वाक्य तुला आठवत असेल. आपल्या घराण्यात माणूस एकदा मेला तर मोजत नाहीत. खापरपणजोबांच्या मरणाच्या सालाचा घोळ निघाला की ते हसण्यावारी न्यायचे आणि शेवटी म्हणायचे, लिहिणाऱ्याची चूक. मलाही इतकी वर्षं तेच वाटत होतं. पण एक कारकून चुकेल, दोन चुकतील. सगळेच्या सगळे एकाच माणसाच्या बाबतीत कसे चुकले?

आई बरी आहे. तिची खाट आता खालच्या खोलीत आणली आहे, जिना नको म्हणते.

तुझी,
मोठी

२० फेब्रुवारी

तुझं कार्ड मिळालं. चित्रातल्या बंदरावरच्या क्रेनपैकी तू चालवतोस ती कोणती ते खुणेने तरी दाखवायचं होतंस. मजकूर मात्र एका दमात वाचून झाला: "मला कशाला पाठवतेस? ते माझे कुणी नाहीत."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते दोर वळणाऱ्यांच्या घरात काही उगीच नाही. आणि हा पीळ रक्तातून येत नसावा, कारण तुझ्यात तो सगळ्यांत जास्त आहे.

बरं, एकदा स्पष्ट लिहून टाकते, म्हणजे आडून आडून बोलायला नको. बाबा गेले तेव्हा आईने ठोकळा तुझ्या हातात दिला आणि घरभर माणसं असताना काका म्हणाले, "वहिनी, तो आपल्या रक्तातच राहू दे." तू विचारलंस, म्हणजे काय? काकांनी सांगितलं. तू आईच्या धाकट्या बहिणीचा, ती बाळंतपणात गेली, तुझा बाप त्याआधीच परागंदा झालेला. तू आईकडे पाहिलंस. आई काही बोलली नाही. तू ठोकळा टेबलावर ठेवलास, चपला घातल्यास आणि गेलास. त्याला आता चार वर्षं होतील. मलाही ते त्याच दिवशी कळलं, हे तुला पटलं की नाही कोण जाणे.

तसं पाहिलं तर आपल्याला आधीच कळायला हवं होतं. आपल्या दोघांच्या दाखल्यांवर पाचच महिन्यांचं अंतर. हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा आई शांतपणे म्हणाली होती, "वर्ष चुकलंय. लिहिणाऱ्याची चूक. हा तिच्यापेक्षा दीड वर्षाने धाकटा." आणि दीड वर्षाने धाकट्या तुला माझे सदरे आखूड व्हायचे. आपण एकाच वर्गात बसलो, एकाच दिवशी दोघांना गोवर निघाला आणि आपल्या डोक्यात कधी काही आलं नाही. हाडं बघणारी म्हणवते मी स्वतःला.

असो. काकांकडे गेले होते. भांडायला नाही, खापरपणजोबांची माहिती काढायला. ते पाय पसरून बसले होते, गुडघ्याला पट्टा. मी सगळ्या नोंदी समोर मांडल्या. काकांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "जुळे असतील. एक मेला, एक राहिला."

"दोघांचं नाव एकच ठेवलं होतं का?"

"गरिबी होती तेव्हा."

मी हसले, ते त्यांना रुचलं नाही. मग मी दुसरी शक्यता बोलून दाखवली, की खापरपणजी विधवा झाल्यावर तिच्या घरात दुसरा कुणी आला असेल.

"तसलं काही आपल्याकडे नाही," काका म्हणाले. "आपलं रक्त एकसारखं उतरलेलं आहे. तुझ्या बाबांचं नाक बघ, माझं बघ."

नाकाचं मला सांगता येत नाही. त्यांच्या गुडघ्याची फिल्म मात्र मीच काढली होती, वाटी पार झिजली आहे. येताना काकूने डबा दिला आणि दारात हळूच विचारलं, "त्याचं काही कळतं का?" मी म्हटलं, क्रेन चालवतो, कार्डं पाठवतो. एकच आलं असलं तरी कार्डं म्हटलं.

आईला थोडा खोकला आहे. हवा बदलते आहे.

मोठी

२७ मार्च

काय रे,

उलगडा झाला. आधी तो कसा झाला ते सांगते, नाहीतर तू म्हणशील मी मनाने रचलं.

दोर वळायची जुनी शेड अजून उभी आहे. आता तिथे एक फर्निचरवाला खुर्च्या ठेवतो. तो म्हणाला, बघा हवं तेवढं, खुर्च्या मोजत बसू नका म्हणजे झालं. शेड इतकी लांब की या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस बोटाएवढा दिसतो. रुंदी मात्र बोळाएवढी. एका टोकाला चाकाचा खांब शिल्लक आहे. चाकाला ओळीने हूक असायचे, एकेका हुकावर एकेक माणूस. हुकाला दोरा अडकवायचा आणि ताग सोडत मागे चालायचं. फर्निचरवाला चहा आणायला गेला तेव्हा मी थोडी मागे चालून पाहिली. एका स्टुलावर आपटले. त्यांना कशावर आपटायची सोय नव्हती, दोरा तुटला की दिवसाची मजुरी कापायचे.

शेडच्या मागे खोल्यांची रांग आहे. एक खाट, एक चूल आणि उभं राहायला जागा. खोली हुकाबरोबर मिळायची. हुकावर ज्याचं नाव, त्याची खोली. माणूस मेला की नाव गेलं आणि नाव गेलं की आठवड्यात बायकापोरं रस्त्यावर.

आता कारखान्याच्या सरकारी तपासनिसाचा एक छापील अहवाल चष्मेवालीने काढून दिला. त्यात तो गृहस्थ लिहितो की या कारखान्यात अकरा वर्षांत एकही कामगार मेलेला नाही, तरी इथल्या हवेचा अभ्यास व्हावा. चष्मेवाली हसून हसून दोन्ही चष्मे काढून बसली. ती हवेला हसत होती. मला मात्र त्याच क्षणी आमच्या इस्पितळात वॉर्डाचं काम करणाऱ्या आया आठवल्या.

तुला सांगितलं नसेल. आमच्याकडे एखादी आया आजारी पडली, बाळंत झाली, नवऱ्याने हात मोडला, तर तिची बहीण, जाऊ, शेजारीण कामावर यायची. मेट्रन नाव पुकारायची, ही "हजर" म्हणायची. मेट्रनला दिसत नव्हतं असं नाही. तिला वॉर्डात माणूस हवं होतं आणि आयांना नोकरी टिकायला हवी होती. आमच्याकडे एक बाई अशी दोन वर्षं दुसऱ्या बाईच्या नावाने होती. शेवटी शेवटी तिला खऱ्या नावाने हाक मारली तर ती वळायची नाही.

तेच. खापरपणजोबा १८६७ला तापाने मेले. दफनभूमीच्या माणसाला खोटं सांगायचं कुणाला कारण नव्हतं, त्याने खरं लिहिलं. सकाळी मुकादमाने हुकांवरची नावं पुकारली. त्यांच्या नावाला कुणीतरी "हजर" म्हणाला. कमरेला ताग बांधला आणि मागे चालू लागला. मुकादमाने मान वर केली असेल किंवा नसेल. रांगेतल्या सगळ्यांना माहीत होतं, सगळे गप्प राहिले. त्या अहवालातले अकरा वर्षं न मेलेले सगळे असेच असणार. आमचा गडी काही एकटा नव्हता.

तो कोण होता, भाऊबंद की मित्र की बदलीची वाट पाहणारा कुणी, ते कुठे लिहिलेलं नाही. खोली राहिली. पोर सहा वर्षांचं होतं, ते रस्त्यावर आलं नाही. काही दिवसांनी तो त्याच खोलीत राहायला आला, आणि दोन वर्षांनी आपले पणजोबा जन्मले.

आणि वय? चार वर्षांनी शिरगणतीचा माणूस दारात आला. नाव विचारलं, याने मेलेल्याचं सांगितलं. सांगावंच लागलं. वय विचारलं, तेव्हा याने स्वतःचं सांगितलं. एकोणतीस. त्या दारात अख्खा खोटा असलेला माणूस वयाच्या बाबतीत खोटं बोलला नाही. का, ते मला सांगता येणार नाही. आकडा जोडायला सुचलं नसेल, किंवा काहीतरी एक आपलं ठेवावंसं वाटलं असेल. लिहिणाऱ्याची चूक कुठेच नव्हती. त्यांनी जे ऐकलं ते लिहिलं.

म्हणजे हिशेब असा. ज्याचं नाव आपण सगळे लावतो, त्याच्या रक्ताचा थेंबही आपल्यात नाही. बाबांच्यात नव्हता, काकांच्यात नाही. काकांना अजून सांगितलेलं नाही. गुडघा जरा बरा होऊ दे.

मोठी

३० एप्रिल

तुझं दुसरं कार्ड आलं. मला वाटलं होतं, तू हसशील. निदान काकांच्या नाकावर तरी. तू लिहिलंस:

"आणि त्या दुसऱ्याचं स्वतःचं नाव? ते कुठे गेलं? ते पुन्हा कुणी घेतलं का? माझ्या आईचं तुमच्या घरात कुणी घेतलं नाही."

ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. काही करायला गेले नव्हते. चार वर्षं मला वाटत होतं की तू रक्तावरून गेलास. म्हणून मी एवढा खटाटोप करून सिद्ध करत बसले की रक्त कुणाचंच नाही. तुझं दुखणं तिथे नव्हतंच. मी भलत्याच जागेची फिल्म काढत होते.

मागचं पत्र टाकण्याआधी मी ते आईला वाचून दाखवलं होतं. सगळीच दाखवते. ती डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं झोप लागली. वयाचा भाग आला तेव्हा म्हणाली, "मग काय करायचं होतं त्याने? पोर होतं ना घरात."

थोड्या वेळाने म्हणाली, "तारीख मी बदलू दिली नाही."

"कसली तारीख?"

"याच्या जन्माची. तुझे बाबा म्हणत होते, एक वर्ष पुढची घालू, कुणी विचारणार नाही. मी म्हटलं, नाव तुमचं लावा, आई म्हणून माझं लिहा, सगळं तुमच्या मनासारखं करा. पण तो दिवस धाकटीचा आहे. तो तेवढा राहू दे."

बाबांनी तिचं ऐकलं. मग शाळेत, शेजारी, सगळीकडे तीच सांगत फिरली की वर्ष चुकलं आहे. खरी होती तेवढी एकच गोष्ट, आणि तिलाच जन्मभर चूक म्हणायची वेळ तिच्यावर आली.

तुझं कार्ड आल्यावर मी तुझ्या वतीने तिला विचारलं. म्हटलं, मावशीचं नाव तू कधीच का घेतलं नाहीस? आपल्या घरात ती फक्त धाकटी, तीही वर्षा-दोन वर्षांतून एकदा, कुणाच्या तरी मरणाचा विषय निघाला तर.

आई म्हणाली, "नाव तोंडात आलं असतं तर त्याने विचारलं असतं, कोण ती. मग मला खोटं सांगता आलं नसतं."

हे तिने जसं सांगितलं तसं लिहिलं आहे. तिची बाजू घेत नाही. तुला राग येण्यासारखं आहे आणि तो यावा.

आता दुसरं. मी पहिल्या पत्रात लिहिलं की आई बरी आहे. ती बरी नव्हती. जानेवारीत तिच्या छातीची फिल्म निघाली. माझ्या जागी आलेल्या मुलीने काढली आणि ओली असल्यासारखी दोन बोटांत धरून माझ्या हातात दिली. डॉक्टरांच्या आधी मी पाहिली. उजवीकडे सावली आहे, मोठी. इतकी वर्षं अशा सावल्या पाहून मी पुढच्या माणसाला आत बोलवत आले. त्या दिवशी मात्र मला बरगड्या दिसेनात, आईच दिसत राहिली. मला फार वाईट वाटलं, आणि ते सांगायला तू सोडून माझं कुणी नव्हतं.

आईने दम दिला. "माझ्या आजाराचं कळवून त्याला बोलावशील तर याद राख. कीव येऊन आलेला मुलगा मला नको." तिचा शब्द मोडवेना आणि तुझ्याशी बोलल्यावाचून राहवेना, म्हणून मी मेलेल्या माणसांबद्दल लिहू लागले. तिने आजार कळवून बोलवायला मना केलं आहे. मी कळवते आहे. बोलवत नाही.

त्या दुसऱ्या माणसाचं नाव शोधते. मंगळवारी जाते आहे.

मोठी

१९ मे

काय रे,

सापडलं.

कारखान्यातली हजेरी १८८९च्या नोव्हेंबरात थांबते. खापरपणजोबांच्या नावाने त्या महिन्यात मृत्यूची नोंद नाही, हे मला आधीच माहीत होतं. त्यांची ती नोंद त्याच्या बावीस वर्षं आधीच होऊन गेली होती. या खेपेला मी नाव शोधलंच नाही. चष्मेवालीला म्हटलं, त्या महिन्यात कारखान्याच्या खोल्यांच्या रांगेत कोण कोण गेलं ते काढा, नावं काही का असेनात. ती म्हणाली, "म्हणजे आता खोलीवरून माणूस शोधायचा?" आणि कामाला लागली.

आपल्या खोलीत एक माणूस मेला होता. नाव आपण कधीच न ऐकलेलं. आडनाव वेगळं, गाव वेगळं. धंदा, दोर वळणे. वय सत्तेचाळीस. १८७१ला एकोणतीस असलेल्या माणसाचं वय १८८९ला तेवढंच व्हायला हवं. खबर देणाऱ्याने अंगठा उठवला आहे. तो त्या घरातला थोरला मुलगा, म्हणजे तापाने मेलेल्या पहिल्याचा पोरगा, जो तेव्हा सहा वर्षांचा होता. मयताशी नातं या रकान्यात लिहिलं आहे, मुलगा. बाजूला समासात कारकुनाने बारीक अक्षरात टीप घातली आहे: बापलेकाचं आडनाव जुळत नाही, विचारता खबर देणारा तेच सांगतो.

विचारता तेच सांगतो. चष्मेवालीने ते मोठ्याने वाचलं.

त्याने गप्प बसून जुनंच नाव सांगितलं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. आपले पणजोबा वीस वर्षांचे होते, ते त्याच हुकावर त्याच नावाने उभे राहिले असते आणि खोली राहिली असती. थोरल्याने खरं नाव सांगितलं आणि त्यानेच बिंग फुटलं असणार. दोन वर्षांनी शिरगणती झाली, तेव्हा हे कुटुंब त्या रांगेत नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका कातडी कमावणाऱ्याच्या गोठ्यावरच्या माळ्यावर आहे. दोघे भाऊ, आई, आणि कामधंदा या रकान्यात, मिळेल ते. बापाचं नाव परत केलं आणि खोली गेली. घरातल्या कुणी थोरल्यावर खापर फोडलं असेल का, माहीत नाही. कारखान्यातून निघताना त्यांनी एक वस्तू बरोबर नेली, तोच आपल्या कपाटातला ठोकळा. थोरल्याला मूलबाळ झालं नाही, म्हणून तो पणजोबांकडे आला.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. नाव घेतलं. उशिरा घेतलं, पण घेतलं, आणि ज्याच्या रक्ताचं नव्हतं त्याने घेतलं.

काकांनाही सांगितलं. त्यांनी गुडघ्याचा पट्टा सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाले, "म्हणजे आपण कोण?" मी म्हटलं, आपण तेच, दोर वळणारे. ते म्हणाले, "त्याला तसं बोलायला नको होतं मी." हे त्यांनी मला सांगितलं, तुला सांगायला हवं होतं, आणि तसं मी त्यांना बोलून दाखवलं.

हे सगळं आईला सोमवारी वाचून दाखवलं. बुधवारी तिला इस्पितळात हलवलं. माझ्याच इस्पितळात, मागच्या दाराने नेता आलं असतं, पण ती म्हणाली, रीतसर जाऊ. नोंदणीच्या खिडकीवर नवी मुलगी होती, भरभर लिहिणारी. नाव, वय, पत्ता झाला. मग तिने विचारलं, "आजी, मुलं किती?"

"दोन," आई म्हणाली. "मुलगी माझी, ही उभी आहे. मुलगा माझ्या बहिणीच्या पोटचा, वाढवला मी." आणि तिने मावशीचं नाव सांगितलं. नाव, आडनाव, सगळं, खणखणीत. खोकल्यामुळे तिला मध्ये थांबावं लागलं, तेव्हा थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मागे रांग होती, एक जण मान लांब करून बघू लागला.

मुलगी गोंधळली. "आजी, इथे आईच्या नावाला जागाच नाही. मुलांची फक्त संख्या लिहायची असते."

"मग जागेच्या बाहेर लिही," आई म्हणाली.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिने कडेला लिहिलं, अक्षर गिचमिड आहे, पण आहे. शंभर वर्षांनी कुणीतरी ते काढील, त्याचा काही मेळ लागणार नाही आणि तो म्हणेल, लिहिणाऱ्याची चूक.

व्हीलचेअर ढकलताना मी आईला विचारलं, आता त्याला बोलावू का? ती म्हणाली, "आजारी आहे म्हणून नको." मी म्हटलं, बरं, मग कशासाठी बोलावू? त्यावर ती नको म्हणाली नाही. म्हणून बोलावते. डॉक्टर महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांची बोलू लागले आहेत, तेव्हा जहाजांचं काय ते बघ आणि निघ.

मावशीचं नाव तुला ठाऊक आहे. आईच्या तोंडून तू ते एकदाही ऐकलेलं नाहीस.

दुसरा मजला, खिडकीजवळची खाट. भेटीची वेळ चार ते सहा, पण दारावरचा माणूस माझ्या ओळखीचा आहे, कधीही ये. ठोकळा तिने घरून मागवून घेतला आहे, उशाशी असतो. मी विचारलं, टपालाने पाठवून देऊ का? म्हणाली, तो हातातच द्यायचा असतो.

तुझी,
पाच महिन्यांनी मोठी